तांदळातलं नाव

फ्रिजच्या दारासमोर उभी राहून अपेक्षा जजसाहेबांशी बोलत होती.

"मला आजीजवळच राहायचं आहे. माझी आई दिवसभर शाळेत राह्यते." इथं ती अडखळली. "शाळेत असते. तिले... तिला माझ्यासाठी वेळ नसतो."

मग पुन्हा पहिल्यापासून. जजसाहेब पुण्याकडचे आहेत, तिथं मले-तुले चालत नाही, असं शिवमकाकानं तिला बजावलं होतं. नऊ वर्षांची पोर, पण चुकलं की स्वतःच मान हलवून पुन्हा सुरू करायची.

आशाबाई गॅसपाशी भाकर थापत होत्या. आजीजवळच राहायचं आहे, हे वाक्य नातीच्या तोंडून ऐकायला त्या आसुसलेल्या होत्या. पण दोन दिवसांत ते इतक्या वेळा, इतक्या एकाच चालीत ऐकलं होतं, की आता त्यात गोडी म्हणून उरली नव्हती. पोरगी ते वाक्य त्यांच्याकडे पाहून एकदाही बोलली नव्हती, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. लक्षात आलं आणि त्यांनी ते बाजूला सारलं. चार वर्षांत असं बाजूला सारायची त्यांना चांगली सवय झाली होती.

चार वर्षांपूर्वी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, त्यांचा थोरला गजेंद्र गेला. अवघा छत्तीस वर्षांचा. त्याची बायको गीतांजली दोन वर्षं या घरात मुकाट राहिली, मग अकोल्याला एका खासगी शाळेत मास्तरीण म्हणून लागली. पोरीची शाळा अमरावतीत चांगली चालली होती, म्हणून चौथीपर्यंत पोर आजीकडे आणि पाचवीला आईकडे, असं सगळ्यांच्या समोर ठरलं. ठरलं तेव्हा आशाबाईंनीही मान डोलावली होती. पण गेल्या मे महिन्यात गीतांजली पोरीला न्यायला आली, तेव्हा "एवढं वर्ष राहू दे" असं म्हणून दारात आडव्या झाल्या त्या आशाबाईच. मग पोर आपल्याकडेच राहावी म्हणून आशाबाई आणि खुशालराव दोघांच्या सहीनं अर्ज झाला, आणि पुढचं सगळं कोर्टात गेलं.

"आई, झालं का वं?" शिवम बाहेरून ओरडला. "दहाच्या आत अकोल्याले पोचलो पाहिजे."

आशाबाईंनी दोन भाकरी फडक्यात बांधल्या. ओसरीवर खुशालराव तुरीच्या शेंगांचं गाठोडं सोडत बसले होते. मोझरीजवळच्या शेतातून कालच आणलेल्या, ओल्या, हिरव्याकंच.

"तुमी येता का?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"मी काय करू तेथी येऊन?" खुशालराव मान वर न करता म्हणाले. "सोले काहाडून ठेवतो. पोरगी घरी हाय."

गेल्या सात-आठ महिन्यांत ते असेच झाले होते. विचारलं तेवढं उत्तर, त्यापुढे शब्द नाही. बेचाळीस वर्षं एका ताटाच्या अंतरावर जेवलेला माणूस, पण त्याच्या पोटात काय चाललंय हे आता आशाबाईंना कळेनासं झालं होतं. घरात चार माणसं होती आणि त्यांना दिवसभर बोलायला कोणी नव्हतं.

बडनेरा मागे पडलं. मग शिवमनं गाडीचा रेडिओ बंद केला.

"सोमवारची तारीख लय महत्त्वाची हाय, आई. वहिनीनं कोर्टात शपथेवर लिहून देलं हाय, का मी दुसरं लगन केलं नाही, पोरीशिवाय मले कोणी नाही." वहिनी शब्द तोंडून गेला म्हणून तो स्वतःवरच चिडला. "त्या बाईनं. आता जर लगन झाल्याची नोंद निंगाली, तं ती सपशेल खोटी पडते. वकील म्हणे, एकदा का असं खोटं पकडलं, का तिच्या शब्दाले काही किंमत राह्यत नाही. मंग अपेक्षा आपलीच."

"तिच्या गल्लीतल्या लीलाबाईनं तं डोळ्यानं पाहिलं म्हणते."

"लीलामावशीनं काय पाहिलं? हिरव्या बांगड्या आन् गाडीवर कोणतातरी माणूस. त्याचं नाव ना गाव. त्यानं काय होते? नोंद पाहिजे, नोंद."

शिवम अमरावतीत कोचिंग क्लास चालवायचा. सत्तावीस वर्षांचा होता, पण भाऊ गेल्यापासून घरातला कर्ता आपण, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. अपेक्षाला सायकल त्यानं शिकवली. तिच्या वह्यांना कव्हरं तोच घालायचा. मूर्तिजापूरच्या पुढे एकदम तो म्हणाला, "दादाची एवढीच निशानी हाय आई आपल्यापाशी. थेबी गेली तं काय राह्यते?"

आशाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. दोन्ही बाजूंना तूर पिवळी होऊन उभी होती. नोंद सापडू दे, असं त्यांनी मनात म्हटलं, आणि अगदी मनापासून म्हटलं.

अकोल्याच्या कचेरीत विवाह नोंदणीच्या टेबलाशी एक चष्मेवाली लिपिकबाई बसलेली होती. तिनं वकिलाचं पत्र दोनदा वाचलं.

"शोधाचा अर्ज आहे ना? ठेवून जा. आठ दिवसांनी या."

"ताई, सोमवारीच तारीख हाय," शिवम हात जोडून म्हणाला. "संग माह्यी आई हाय. लहान्या पोरीचा मामला हाय."

लिपिकबाईनं आशाबाईंकडे पाहिलं. डोक्यावर पदर, मांडीवर भाकरीचं फडकं. तिला काय वाटलं कोण जाणे, उठून तिनं कपाटातून दोन जाड नोंदवह्या काढल्या. "इथंच बसून, माझ्यासमोर पाहा. फोटो काढायचा नाही. सापडलं तर मला सांगा, मी नक्कल काढायला घेते."

शिवमनं एक वही स्वतःपुढे ओढली, दुसरी आईपुढे सरकवली. "तुही मार्चपासूनची. एक-एक नाव पाहात बसू नको आई, अर्धा दिवस जाईन. नवरीच्या रकान्यात फक्त गीतांजली पाय. दुसऱ्या नावाकडे पाहूच नको."

आशाबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. बोट ठेवून वाचायची त्यांची रीत होती. एकेका पानावर दोन-दोन जोडपी. नावं, वयं, आधीची स्थिती, पुरावा आणि खाली सह्या. कोण कुठले हे लोक, एका पानावर येऊन बसले होते. पूजा, निकिता, रोशनी, पुन्हा पूजा. मार्च संपला. गीतांजली नव्हती.

एप्रिलच्या सतराव्या तारखेवर त्यांचं बोट थांबलं.

शालू शेषराव गावंडे. वय चौतीस. आधीची स्थिती, विधवा. वयाचा पुरावा, शाळा सोडल्याचा दाखला. वराचं नाव देवानंद रोहणकर.

आशाबाईंना आधी काही सुचलंच नाही. मग एकदम ओळख पटली, हे गीतांजलीचं माहेरचं नाव. सापडली! शपथेवर लिहून देते, पोरीशिवाय मला कोणी नाही, आणि त्याच्या चार महिने आधी इथं सही करून मोकळी झालेली. खोटारडी. संताप इतका आला, की हाक अगदी ओठांवर आली. शिवम हाताच्या अंतरावर बसला होता. नुसतं बोट दाखवलं असतं तरी काम झालं असतं.

तेवढ्यात त्यांची नजर सहीवर गेली.

शालू. मोठं, सुटं, शाळेतल्या पोरीनं पाटीवर गिरवावं तसं. हात सवयीचा नसला की अक्षर असं येतं. बारा वर्षांत तिनं हे नाव लिहिलं नसणार. लिहायला दिलं कोणी होतं?

बारा वर्षांपूर्वीचं ते ताट आशाबाईंच्या डोळ्यांपुढे आलं. लग्नाची वरात घरी आलेली, ओसरीवर बाया दाटीवाटीनं बसलेल्या. पितळी ताटात तांदूळ पसरलेले, आणि गजेंद्र अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहीत होता. नाव खुशालरावांनी काढलेलं. शालू म्हणजे काय नाव आहे, असं सगळ्यांचंच मत पडलं होतं. बाया हसल्या, पेढे वाटले. नवरीनं वाकून ताटात पाहिलं आणि हळूच विचारलं, "हे कोनाचं नाव हाय?"

"तुह्यं," आशाबाई म्हणाल्या होत्या. "आजपासून."

मग त्यांनीच ताट हलवून तांदूळ सारखे केले, डब्यात ओतले, आणि दोन दिवसांनी त्याच तांदळाचा भात घातला. यात वाईट काही आहे, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. सगळ्यांचंच असं होतं. त्या स्वतः माहेरी जमुना होत्या. सासरी, इंगोल्यांच्या घरात, थोरल्या जावेचं नाव जमुनाच निघालं, एका घरात दोन जमुना कशा चालतील, म्हणून यांची आशा झाली. भाऊ नत्थुजी तेवढा अखेरपर्यंत "जमे" म्हणून हाक मारायचा. गेल्या वर्षी तोही गेला, आणि त्यानंतर त्यांना त्या नावानं ओळखणारं माणूस जगात राहिलं नाही.

त्यांनी पुन्हा सही पाहिली. या पोरीला हे नाव आपण टाकायला लावलं. आता तेच नाव दाखवून तिची पोरही काढून घ्यायची. आशाबाईंना स्वतःची लाज वाटली. अशी, की कान गरम झाले. फ्रिजसमोर उभी राहून स्वतःचं बोलणं दुरुस्त करणारी अपेक्षा त्यांना दिसली. मले नाही, मला. राह्यते नाही, असते. त्या पोरीलाही आपण दुसरंच काही गिरवायला बसवलं होतं.

त्यांनी पान उलटलं.

"काही दिसलं का?" शिवमनं विचारलं. त्याची वही पाहून झाली होती.

"नाही."

"गावंडे? शेषराव गावंडे असं बापाचं नाव कुठं?"

"नाही रे बाबू. पाहिलं मी सारं."

पोराशी त्या आयुष्यात पहिल्यांदा असं तोंडावर खोटं बोलल्या, आणि त्यानं ते लगेच खरं मानलं. त्याचंच त्यांना जास्त लागलं. हा वही मागून घेईल, एकदा स्वतः पाहील, असं वाटत होतं. त्यानं ती मिटून लिपिकबाईकडे सरकवली.

लिपिकबाई म्हणाली, "काही जणी माहेरच्या नावानंही करतात. माहेरचं पहिलं नाव सांगा, संगणकात टाकून बघते. नाव मात्र बरोबर पाहिजे, नुसत्या आडनावानं निघत नाही."

शिवम आईकडे वळला. "हो नं! काय नाव होतं वं तिचं लग्नाच्या पहिले?"

आशाबाईंनी फडक्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "मले नाही आठोत."

"असं कसं? तूच तं..."

"बारा वर्सं झाले बापा. नाही आठोत."

तो दारात जाऊन आरतीला फोन लावून आला. त्याची बहीण, धामणगावला दिलेली. तिला नक्की माहीत असणार असं त्याला वाटलं होतं. परत आला तो हात हलवत. "ताईले माहीतच नाही. आमी वहिनी म्हणत होतो, म्हणे. नाव कोन घेते वहिनीचं?"

मग त्यानं त्यांच्या समोरच वडिलांना फोन लावला. नाव खुशालरावांनी काढलेलं; जुनं काय आणि नवं काय, त्यांना पक्कं माहीत असणार होतं.

"बाबा, वहिनीचं माहेरचं नाव काय होतं हो? ... अवो बाबा, पहिलं नाव." शिवम बराच वेळ फोन कानाला लावून उभा राहिला. मग त्यानं तो खिशात टाकला. "त्याइलेबी आठोत नाही."

आशाबाईंनी डोळे मिटले. लिपिकबाईनं वह्या उचलून कपाटात ठेवल्या.

परतीच्या वाटेवर भाकरी तशाच राहिल्या. बडनेऱ्याच्या पुलावर गाडी थोडी थांबली, तेव्हा शिवम म्हणाला, "हारलो वं आई आपण," आणि बाहीनं नाक पुसलं. शाळेत नापास होऊन आला होता तेव्हा असाच पुसत होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं त्यांना वाटलं. पण ज्या हातानं पान उलटलं तोच हात, म्हणून तो मांडीवरच राहिला.

घरी आल्यावर शिवम क्लासला निघून गेला. अपेक्षा शेजारी खेळायला गेली होती. ओसरीवर उन्हं उतरली होती. खुशालरावांनी सोल्यांनी, तुरीच्या ओल्या दाण्यांनी, एक पातेलं भरलं होतं आणि तरी ते सोलतच होते. आशाबाई हातपाय धुऊन त्यांच्यासमोर बसल्या, मूठभर शेंगा पुढ्यात घेतल्या.

"शिवमचा फोन आला होता," खुशालराव म्हणाले.

"माह्यासमोरच लावला त्यानं."

"मले नाही आठोलं."

"नाव तं तुमीच काहाडलं होतं. गीतांजली. मोझरीच्या भजनात कोनाच्यातरी पोरीचं आयकलं, म्हणून."

खुशालराव शेंग सोलत राहिले. दाणे पातेल्यात पडत राहिले.

"सापडलं का तुमाले तेथी?" त्यांनी विचारलं.

"नाही सापडलं."

"बरं झालं."

आशाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "बरं झालं? पोरगी जाते हातची, आन् बरं झालं?"

तेव्हा कुठं खुशालरावांनी मान वर केली. त्यांचे डोळे लाल होते; सकाळपासूनचे असावेत. "शालू नाव होतं तिचं," ते म्हणाले. "आठोते मले. काहून नाही आठोणार?"

"मलेबी आठोते."

"म्हणजे सापडलं तुले," खुशालराव म्हणाले.

"एप्रिलमधी. सतरा तारीख."

"माहीत हाय. तिनं फोन केला होता मले, आदल्या दिवशी. बाबा, लगन करून राहिली, म्हणे. मानूस चांगला हाय. तुमी हो म्हनलं तं करतो, नाही म्हनलं तं नाही. मी म्हनलं, कर."

"आन् मले सांगतलं नाही." आशाबाईंचा आवाज फाटला. "आठ महिने."

"तुले सांगतलं असतं तं तू सोडली असती का पोरीले?"

नसतीच सोडली. आज सकाळपर्यंत तरी नाही.

"मंग कोर्टाच्या कागदावर सही काहून केली तुमी?"

"पोरगी मलेबी पाहिजे न," खुशालराव म्हणाले, आणि एवढं बोलून ते ओसरीवर बसल्या बसल्याच रडले. गजेंद्रच्या वेळी लोकांसमोर रडले नव्हते. "इकडं तिले हो म्हनलं, तिकडं कागदावर सही केली. कोनाले सांगू? तुह्याशी बोलाची सोय नाही, पोराशी नाही. एकटाच बसलो धरून."

हा माणूस आठ महिने मुका झाला, तो त्यांच्यावर रागावून नव्हे. आशाबाईंनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं. एकाच घरात, एकाच नावाचं ओझं दोघं वेगवेगळे वाहत होते, आणि रोज संध्याकाळी समोरासमोर बसून जेवत होते. हसावं की रडावं तेही त्यांना कळेना.

"तुमचा फोन द्या," त्या म्हणाल्या. "माह्या नंबरवरून ती उचलत नाही."

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. "बाबा? अपेक्षाले बरं हाय न?"

"शालू," आशाबाई म्हणाल्या. "मी बोलून राहिली."

त्यांनी माया करून ते नाव घेतलं होतं. पण पलीकडची शांतता लांबत गेली, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की त्या पोरीला ते कसं ऐकू गेलं असेल. या घरातून हे नाव येण्याचा तिच्या लेखी एकच अर्थ होता.

"तुमी पाहिलं तं," पलीकडचा आवाज अगदी बारीक झाला होता. "सापडलं तुमाले."

"पाहिलं."

"आई, मी भेली होती हो. वकील म्हणे, लगन झालं असं लिहिलं तं पोरगी भेटणार नाही. मी चुकली, पण माह्यी पोर... आता तुमी सोमवारी दाखवसान. दाखवसान न?"

"शिवमले माहीत नाही. मी नाही म्हनून सांगतलं."

पलीकडून हुंदका आला, आणि तो थांबेना. आशाबाई फोन धरून बसून राहिल्या. तिचं रडणं त्यांनी आजवर कधी ऐकून घेतलं नव्हतं. गजेंद्र गेला तेव्हाही दोघी वेगवेगळ्या खोल्यांत रडल्या होत्या.

"रडू नको वं. आयक. परवा रविवार हाय. येजो पोरीले घ्याले. त्यालेबी आनजो, देवानंदले. पाहू दे मले कोनाच्या घरी जाते तं. सोमवारी आमी अर्ज मांगं घेतो."

"आन् शिवमभाऊ?"

"त्याले मी सांगतो. माह्या तोंडानं सांगतो." तो रागावेल, कदाचित महिना-महिना बोलणार नाही. या घरात न बोलणाऱ्या माणसांची काही कमी नव्हती. पण सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. "एकच कर. कोर्टात खरं लिहून दे. आमी नाही दाखवलं तरी तू लिहून दे."

"हो आई." मग चाचरत, "आई म्हनू न तुमाले? आताबी?"

"म्हन वं," आशाबाई म्हणाल्या, आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला.

अपेक्षा खेळून आली तेव्हा आशाबाई तिच्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या. पोरीनं दारातूनच विचारलं, "आजी, काकानं नवीन वाक्य देलं हाय. म्हनून दाखवू?"

"नको. जजसाहेबाले आता काही सांगाचं नाही. आई येऊन राहिली तुही, रविवारी. तुले घ्याले."

अपेक्षा हलली नाही. आजीच्या तोंडाकडे पाहत राहिली. आनंद करायची परवानगी आहे की नाही, ते आधी बघत होती.

"खरंच? आन् तू रागावली नाही?"

"नाही."

"आबाजी?"

"थेबी नाही. जा, बॅग काहाडू आपण. काय काय न्याचं ते भरू."

पोरगी पलंगाखाली शिरली आणि एक निळी बॅग ओढून बाहेर आली. बॅग भरलेली होती. आशाबाईंनी चेन उघडली. कपडे नीट घड्या करून ठेवलेले, कंपास, आईसोबतचा एक फोटो, दात घासायचा ब्रश पिशवीत गुंडाळलेला.

"केवा भरली वं ही?"

"मे महिन्यात. आई आल्ती तेवा." अपेक्षा खाली पाहत म्हणाली. "मंग काहाडलीच नाही. एखाद्या वेळेस येईन म्हनून."

सात महिने ती बॅग या पलंगाखाली होती. आशाबाई रोज इथं झाडू मारत होत्या, आणि झाडूला ती लागली की सरकवून पुढे जात होत्या. त्यांनी सगळ्यांत वरचा पिवळा फ्रॉक उचलला, पोरीच्या अंगाला लावून पाहिला. गुडघ्याच्या वर चांगला चार बोटं राहिला. खांद्यातही आवळला असता.

"हा तुले आता होत नाही," त्या म्हणाल्या.

"मंग काय करू याचं?"

"राहू दे मले," असं म्हणून आशाबाईंनी तो फ्रॉक घडी करून आपल्या मांडीवर ठेवला, आणि बॅगेत त्याच्या जागी स्वेटर घातला.